लाइन डिफरन्शियल लावलं की झालं?

लाइन डिफरन्शियल म्हणजे वीजवाहिनीच्या दोन्ही टोकांचे करंट ताडून, फरक दिसला की लाइन तोडायला सांगणारा रिले. त्याबद्दल दावा असा फिरतो: “लाइनीत जाणारा आणि बाहेर पडणारा करंट सारखाच असतो. डिफरन्शियल रिलेला व्होल्टेज लागत नाही, फायबर असलं की चॅनेलची चिंता नाही, मग डिस्टन्स रिले हवाच कशाला?” (चॅनेल म्हणजे दोन टोकांच्या रिलेंमधला संदेशमार्ग; डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती लांब आहे ते ओळखतो.) आखूड लाइनीवर यातलं बरंच खपून जातं. लांब लाइनीवर खपत नाही.

करंट सारखाच असतो? 400 केव्हीची 300 किमी लाइन घ्या. फेजला किमीमागे 11.5 नॅनोफॅराड धारिता (कपॅसिटन्स) धरली, तर 50 हर्ट्झला किमीमागे सुमारे 0.83 अँपिअर, म्हणजे एकूण 250 अँपिअर चार्जिंग करंट, लाइनीची ही धारिता स्वतःच खेचते तो. फॉल्ट नसताना तो रिलेला फरक म्हणूनच दिसतो (दोन टोकांमधल्या झोनमधले शंट रिअ‍ॅक्टर, म्हणजे त्याची भरपाई करणाऱ्या कॉइल, तो कमी करतात). पिकअप (रिले ज्या फरकाला काम करतो ती मर्यादा) त्याच्या वर नेला, की झाडाच्या फांदीतून होणारा जास्त रोधाचा फॉल्ट निसटतो. म्हणून रिले व्होल्टेजवरून चार्जिंग करंट काढून वजा करतो, बहुधा दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा. म्हणजे व्होल्टेज आलंच! व्हीटीचा (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडाला तर ही भरपाई थांबते; तेव्हा पिकअप आपोआप वर जातो ना, हे कमिशनिंगलाच (लाइन सुरू करतानाच्या चाचण्यांत) तपासावं.

फायबरचा मुद्दा जास्त फसवा आहे. दोन टोकांचे करंट एकाच क्षणाचे ताडावे लागतात, म्हणून रिले संदेशाच्या जाण्या-येण्याचा वेळ मोजून सरळ निम्मा करतो. एसडीएच रिंगने (वर्तुळाकार फायबर नेटवर्कने) मार्ग बदलताना एकच दिशा वळवली आणि जायला 2, यायला 4 मिलिसेकंद लागू लागले, तर चूक 1 मिलिसेकंदाची, म्हणजे 18 अंशांची. 1000 अँपिअर लोडवर त्यातून सुमारे 313 अँपिअर खोटा फरक उभा राहतो. उपाय तीन: थेट फायबर, दोन्ही दिशा एकत्रच वळतील अशी रिंगची मांडणी, किंवा जीपीएसवरून वेळ. दोन्ही रिलेंना वेगळे पत्तेही द्या. चाचणीचा लूपबॅक (रिलेचा संदेश त्यालाच परत पाठवणारी जोडणी) काढायचा राहिला, तर रिलेला स्वतःचाच करंट परत मिळतो आणि फरक लोडच्या दुप्पट दिसतो.

डिस्टन्स काढावा? चॅनेल गेला की डिफरन्शियल ब्लॉक होतो. शिवाय त्याची नजर दोन टोकांच्या सीटींमधल्या (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांमधल्या) भागापुरतीच. पलीकडच्या बसवरचा (सबस्टेशनातल्या सामायिक वाहक पट्टीवरचा) फॉल्ट त्याच्यासाठी बाहेरचा. तिथे बॅकअप म्हणून लाइनीच्या 120 टक्क्यांच्या आसपास पोहोच लावलेला डिस्टन्सचा झोन 2 लागतोच. सिरीज कपॅसिटर असलेल्या लाइनीवर किंवा पॉवर स्विंगमध्ये (ग्रिडमधल्या वीजप्रवाहाच्या हेलकाव्यांत) मात्र डिफरन्शियल सरस, हे मान्य. तिथेही डिस्टन्स जोडीला ठेवावा, पॉवर स्विंग ब्लॉकिंग चालू करून.