खुलासा: हात मिळवला नाही म्हणून डाव आपोआप हरत नाही

जानेवारी २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या बुद्धिबळ स्पर्धेत उझबेकिस्तानचे ग्रँडमास्टर नोदिरबेक याकुब्बोएव यांनी डावाआधी आपल्या ग्रँडमास्टर वैशालीशी हात मिळवला नाही. तो व्हिडिओ अजूनही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो आहे. सोबत मजकूर असा: ‘नियमाने त्यांना तिथेच हरवायला हवं होतं.’

हे चुकीचं आहे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, बुद्धिबळाच्या नियमांत हस्तांदोलनाचा उल्लेखच नाही. वैशालीने तो डाव पटावर जिंकला, पंचांच्या निर्णयाने नाही. याकुब्बोएव यांनी धार्मिक कारण सांगून माफी मागितली, नंतर फुलं आणि चॉकलेट घेऊन तिला भेटले. पुढच्या एका महिला खेळाडूला त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

गैरसमजाचं मूळ २००७ च्या फिडेच्या एका निर्णयात आहे: हात मिळवायला मुद्दाम नकार देणारा डाव हरेल, असा तो निर्णय होता. २००८ मध्ये याच गावात बल्गेरियाचे चेपारिनोव यांनी इंग्लंडचे नायजेल शॉर्ट यांचा पुढे आलेला हात नाकारला आणि पंचांनी त्यांना पराभूत ठरवलं. पण अपील समितीने तो निकाल फिरवून डाव पुन्हा खेळायला लावला. तो शॉर्ट जिंकले. हा शेवट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

गैरवर्तन खपवून घ्यावं, असं मी अजिबात म्हणत नाही. कलम ११.५ प्रमाणे प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं निषिद्ध आहे, आणि १२.९ मध्ये पंचांच्या हाती ताकीद, घड्याळातला वेळ कमी करणं, गुण कापणं, डाव हरलेला ठरवणं, थेट स्पर्धेतून काढणं, असं सगळं आहे. कुठली शिक्षा द्यायची ते प्रसंग बघून पंच ठरवतात. तेव्हा मुलांना ‘हात दिला नाही तर लगेच तक्रार कर, पॉइंट तुझा’ असं कृपया शिकवू नका.