‘मी’ नक्की संपतो कुठे?

‘सगळं विश्व एक आहे’ असं कुणी डोळे मिटून सांगायला लागलं की मला खरंच झोप येते. आमच्या इंदूरात सत्संगांना काय तोटा, दोन तास अद्वैत ऐकायचं आणि बाहेर आल्याबरोबर गाडी कुणी आडवी लावली म्हणून भांडायचं. पण मुद्दा चुकीचा नाहीये हो, फक्त त्यासाठी डोळे मिटायची गरज नाही, नळ उघडा, पुरे.

इंदूरच्या नळाला नर्मदा येते. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उपसतात आणि सत्तरेक किलोमीटरवरून माळव्याच्या पठारावर चढवून आणतात. नर्मदा स्वतः जाते पश्चिमेला, भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात. पण आपण ते पाणी पितो आणि मग मोरी-संडासातून जे निघतं त्याची वाट एकदम उलटी, कान्ह नदी, तिथून क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा आणि शेवटी बंगालचा उपसागर! (सगळं पोचत नाही, मधे वाफ होते, शेतात जिरतं, पण उतार तिकडचाच.) म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपल्या पोटातून वळून बंगालकडे चाललंय, आणि मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 60 टक्के पाणीच असतं, तर आता ह्यात मी कुठला आणि नर्मदा कुठली?

बरं, बाकीचं तरी आपलं का? 2016 च्या एका अंदाजात आपल्या पेशी 30 लाख कोटी आणि अंगातले बॅक्टेरिया 38 लाख कोटी, म्हणजे मेजॉरिटी त्यांचीच. आणि गरोदरपणात बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात त्या 27 वर्षांनंतरसुद्धा सापडल्यात. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग आमचा मुलगा पुण्याला जाऊन राहिला तरी त्यानं भाडं मलाच द्यायला पाहिजे की!’

तरी ‘मी नाहीच, सगळा भ्रम’ हे मला पटत नाही. दाढ दुखते तेव्हा माझीच दुखते, कॉलनीची नाही. बुद्धांनीही कायम टिकणारा, न बदलणारा आत्मा नाकारला, दुःख कुठे नाकारलं, उलट सुरुवातच तिथून केली. खोटं आहे ते कुंपण, की इथे मी संपलो आणि पुढचं माझं नाही.

सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आपण मिरवतो, छानच आहे, पण 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी क्षिप्रेच्या घाटांवर जाऊ नये म्हणून वेगळी पाइपलाइन टाकावी लागली. आणि त्याच घाटांवर डुबकी मारायला इंदूरहून बस भरभरून कोण गेलं? आपणच ना!