आयर्न मॅनचा जीर्णोद्धार : होतकरूंसाठी काही सूचना

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार कसा करावा, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. काळ्या दगडाचा गाभारा आधी ऑइलपेंटने रंगवायचा, मग त्यावर न्हाणीघरातल्या टाइल्स बसवायच्या आणि शेवटी देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक मूर्तीहून मोठा दिसेल अशा बेताने दारातच लावायचा. अमेरिकी कॉमिक्समधला एखादा जुना चिलखतधारी महानायक समांतर विश्वात नव्याने घडवण्याची तुमची मनीषा असेल, तर ही कला तुमच्या फार उपयोगी पडेल. उदाहरणादाखल आयर्न मॅन घेऊ. (त्याला मराठीत लोहपुरुष म्हणण्याचा मोह होतो, परंतु तसे म्हणताच डोळ्यांसमोर वल्लभभाई पटेल उभे राहतात, आणि त्यांची कथा नव्याने सांगण्याच्या कामाला आपल्याकडे मनुष्यबळाची मुळीच टंचाई नाही.)

जे मोडायचे आहे ते आधी नीट पाहून घ्यावे. मार्च १९६३ अशी तारीख छापलेल्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ३९व्या अंकात हा गृहस्थ पहिल्यांदा अवतरला. कल्पना स्टॅन ली यांची, संहिता त्यांचे बंधू लॅरी लीबर यांची, आतली चित्रे डॉन हेक यांची आणि मुखपृष्ठ जॅक कर्बी यांचे. टोनी स्टार्क नावाचा श्रीमंत शस्त्रनिर्माता आपली आयुधे रणांगणावर कशी चालतात ते पाहायला व्हिएतनाममध्ये जातो, झाडीतल्या तारेला त्याचा पाय अडकतो, सुरुंग फुटतो आणि धातूची एक कपची त्याच्या छातीत शिरून काळजाच्या दिशेने सरकू लागते. शत्रूच्या कैदेत त्याला यिन्सेन नावाचा म्हातारा शास्त्रज्ञ भेटतो. पकडणाऱ्यांना हवे असते शस्त्र. हे दोघे बनवतात छातीवरचा एक पत्रा, जो काळीज चालू ठेवतो, आणि त्या पत्र्याभोवती एक अवजड, करडे चिलखत. चिलखतात पुरेशी वीज भरेपर्यंत वेळ मिळावा म्हणून म्हातारा स्वतःहून बंदुकांसमोर धावत जातो. एवढे सगळे काही मोजक्या पानांत उरकते. यावरून त्या काळच्या लेखकांना कथा लांबवण्याचे शास्त्र अजिबात अवगत नव्हते, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

त्या सुरुवातीच्या अंकांत एक दृश्य पुन्हा पुन्हा येते. कारखान्यांचा मालक, ज्याच्यामागे सुंदर स्त्रिया आणि लष्करी अधिकारी सारख्याच उत्साहाने धावतात, असा हा माणूस पार्टी अर्धवट टाकून एका खोलीत शिरतो, दार लावतो, शर्टाची बटणे सोडतो आणि छातीवरच्या पत्र्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसून घामाघूम होऊन बसतो. वीज संपली की काळीज थांबणार. पोहायला जायचे नाही, कोणाला मिठी मारायची नाही, डॉक्टरला छाती दाखवायची नाही. मी हे अंक पुनर्मुद्रणात वाचले ते रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणून, आणि तेही आमच्या गावात भारनियमन ऐन बहरात असताना. त्यामुळे ती चौकट पाहून मला त्या महानायकाविषयी जी कळकळ वाटली, ती न्यूयॉर्कच्या वाचकाला वाटली असेल की नाही, याची शंकाच आहे. दुपारी दोन ते सहा वीज नसलेल्या आमच्या तालुक्यात हा लक्षाधीश चार दिवस जगला नसता.

तुमच्या दृष्टीने हीच मुख्य अडचण आहे. हा महानायक आतून दुबळा आहे, आणि दुबळेपणावर अंकामागून अंक चालणारी मालिका करणे कष्टाचे असते.

सुरुवात सोप्या कामापासून करावी, म्हणजे रंगापासून. या बाबतीत मूळ निर्मात्यांनीच तुम्हाला मार्ग दाखवून ठेवला आहे: करडे धूड पाहून लोक घाबरतात म्हणून पुढच्याच अंकात त्याला सोनेरी रंग फासला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीव्ह डिटको यांनी आजचे सुटसुटीत लाल-सोनेरी रूप दिले. पुढे तळपायांना चाके आली, म्हणजे जगातले सर्वांत महागडे रोलर स्केट्स आले. १९७४ मध्ये तर शिरस्त्राणाला चक्क नाक फुटले. दोनेक वर्षे ते नाक मिरवून झाल्यावर नाकापेक्षा मोती जड झाला असावा, कारण ते निमूट काढून टाकण्यात आले आणि त्याविषयी कोणी फारसा शोक केला नाही. असे बदल करून तुमचे नाव मात्र होणार नाही. रंगाऱ्याची पाटी देवळावर लागत नाही.

यानंतरचे काम तारखेचे. व्हिएतनाम ही फार गैरसोयीची जागा आहे, कारण ते युद्ध खरोखर झाले आणि कॅलेंडरवर त्याला तारखा आहेत. तिथे जखमी झालेला तरुण आज ऐंशीच्या पुढे गेला असता आणि त्याचे चिलखत नातवंडांनी पुसून ठेवले असते. म्हणून २००५ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेत ती जखम अफगाणिस्तानात हलवण्यात आली. तेही युद्ध म्हातारे होऊ लागले, तेव्हा २०१९ मध्ये सियानकाँग नावाचा एक देश शोधून काढण्यात आला, जो नकाशावर नाही आणि ज्यातले युद्ध त्यामुळे कधीही जुने होणार नाही. ही युक्ती मला मनापासून आवडते. शस्त्रविक्रेत्याने नेमके कोणाला मारायला शस्त्रे विकली, हा प्रश्न एका झटक्यात मिटतो.

आता बाजाराकडे वळू, कारण तुम्हाला हे काम बाजारानेच दिले आहे. क्रमांक १ छापलेला अंक अधिक खपतो. तो पुढेमागे सोन्याच्या भावाने विकला जाईल, या आशेने लोक तो पिशवीत घालून ठेवतात. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती गेल्या. एवढ्या प्रती घरोघरी पिशव्यांत पडून असल्याने त्यांना आज रद्दीहून फार बरा भाव येत नाही, ही गोष्ट वेगळी. आयर्न मॅन आणि ‘एक्स-मेन’ दोन्ही छापणाऱ्या मार्व्हल कंपनीने यातून घेतलेला धडा आदर्श होता: १९९५-९६ मध्ये टोनी स्टार्कला आधी खुनी ठरवले, मग मारले आणि त्याच्या जागी दुसऱ्या कालप्रवाहातून त्याचीच कोवळी, मिसरूड फुटलेली आवृत्ती आणून बसवली. वाचकांनी कपाळाला हात लावला. लगेच १९९६ मध्ये प्रमुख नायकांना एका खिशाएवढ्या विश्वात पाठवून चार मालिका पुन्हा क्रमांक १ पासून सुरू केल्या, आणि त्या चालवायला जिम ली आणि रॉब लीफेल्ड यांना बोलावले, म्हणजे जे चित्रकार चारच वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेले होते त्यांनाच. कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. तेरा अंकांनंतर नायक आपल्या मूळ विश्वात परतले आणि पुन्हा एकदा क्रमांक १ छापण्यात आला. येरे माझ्या मागल्या. पण मागल्याचेही दोन पहिले अंक विकून झाले, हे विसरू नका.

इथवर तुमची उमेदवारी झाली. खरी विद्या पुढेच आहे, आणि ती शिकण्यासाठी मार्व्हलच्या ‘अल्टिमेट’ या समांतर विश्वाचाच, म्हणजे त्याच नायकांच्या कथा पहिल्यापासून नव्याने सांगणाऱ्या मालिकांचाच, अभ्यास हवा. हे विश्व २००० मध्ये उघडले. हेतू सरळ होता: चार दशकांच्या इतिहासाचे ओझे नको, नव्या वाचकाने कुठूनही उचलावे आणि समजावे. २००२ मध्ये त्यात सुरू झालेल्या ‘द अल्टिमेट्स’ या मालिकेतल्या टोनी स्टार्कच्या छातीत कपची नव्हती. त्याच्या मेंदूत शस्त्रक्रियेने न निघणारी गाठ होती, हातात पेला होता, आणि मोजके दिवस उरल्याने तो जगावर उदार झाला होता. माझ्या मते हा बदल चांगला होता, आणि म्हणूनच तो तुम्ही गिरवू नये. पत्र्याच्या आत मरू घातलेला माणूस त्यात शिल्लक होता.

ती चूक २००५ मध्ये दुरुस्त झाली. मूळकथा लिहायला ऑर्सन स्कॉट कार्ड यांना बोलावण्यात आले, ज्यांची कीर्ती अलौकिक बुद्धीच्या लहान मुलांवरील विज्ञानकादंबरीवर उभी होती, आणि चित्रे अँडी क्युबर्ट यांनी काढली. या कथेत गरोदर आईला प्रयोगशाळेत विषाणूची बाधा होते आणि बाळंतपणानंतर ती जाते. बाळ जन्मते ते असे की त्याच्या सर्वांगात मेंदूच्या पेशी पसरलेल्या आहेत. परिणामी बुद्धी अफाट, हातपाय तुटले तर पुन्हा उगवणार, आणि कातडीला नुसता वारा लागला तरी असह्य वेदना. बाप शास्त्रज्ञ, त्याने जिवाणूंपासून एक निळा लेप तयार केलेला, जो आघात शोषून घेतो पण वेळेवर धुतला नाही तर कातडीच खातो. तो लेप तो तान्ह्या पोराच्या अंगाला चोपडतो. आपल्याकडे बाळाला तेल-डाळीचे पीठ लावतात, त्यातलाच प्रकार, फक्त रंग निळा.

जरा थांबून या करामतीचे मोल जाणून घ्या. ज्याच्या अंगी कातडीचेच चिलखत आहे आणि ज्याचा तुटलेला पाय आपोआप वाढतो, त्याला लोखंडाचे चिलखत हवेच कशाला? आणि ज्याच्या पायाच्या अंगठ्यातही मेंदू आहे, त्याच्या डोक्यातली एक गाठ त्याचे काय वाकडे करणार? एकाच फटक्यात मूळ कथेचा आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वीच्या कथेचा असा दोन्हींचा निकाल लागला. इतिहासाचे ओझे नको म्हणून उघडलेल्या विश्वात ओझे तयार व्हायला फक्त पाच वर्षे लागली.

एक गोष्ट मात्र तुम्ही मराठी वाचक असल्याने तुमच्या मनात येईल, आणि ती कटाक्षाने दूर ठेवावी. जन्मजात कवच घेऊन आलेला नायक आपल्याला नवा नाही. कर्ण तसाच जन्मला. पण त्याच्या कवचाने किती बाण अडवले हे आपल्यापैकी कोणी सांगू शकणार नाही, आणि ते त्याने अंगावरून कापून काढून ब्राह्मणाच्या वेषात आलेल्या इंद्राच्या ओंजळीत टाकले, हे मात्र शेंबडे पोरही सांगेल. व्यासांना मासिक हप्त्यांचा व्यवसाय कळत नव्हता. त्यांच्या जागी एखादा जाणता संपादक असता तर त्याने कवच अंकागणिक जाड केले असते, कुंडलांतून किरण सोडले असते आणि इंद्राला दारातूनच परत पाठवले असते.

तुमच्या नायकाला दोष मुळीच नसावा असे मी म्हणत नाही. दोष अंगावर शोभणारा असावा. १९७९ मध्ये डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन यांनी टोनी स्टार्कला दारूच्या आहारी जाताना दाखवले, आणि दारू पिणारा माणूस जसा वागतो तसाच तो वागला: घरच्यासारख्या माणसांवर ओरडला, चिलखतात असताना झोकांड्या खाल्ल्या, सकाळी आरशात स्वतःला ओळखेना. हे फारच घरगुती झाले. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असा एक काका असतोच, आणि पैसे मोजून कोणी काका विकत घेत नाही. तुमच्या नायकाच्या हातात पेला जरूर द्या, मात्र तो पेला त्याला टायसारखा शोभून दिसला पाहिजे.

शेवटी परतीची वाट बांधून ठेवा. निळ्या लेपाच्या कथेचा दुसरा भाग २००८ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मार्व्हलने स्वतः काढलेला चित्रपट पडद्यावर आला. त्यात कोट्यवधी डॉलर खर्चून काय दाखवले? गुहा, छातीतल्या कपच्या, कैदेतला यिन्सेन आणि हातोड्याने ठोकलेला करडा पत्रा. काळीज सुरुवातीला चक्क एका मोटारीच्या बॅटरीवर चालते. १९६३चा तो सगळा दगडी गाभारा टाइल्स उकलून तसाच्या तसा बाहेर काढला, आणि जगभर रांगा लागल्या. मग समांतर विश्वातल्या त्या जन्मकथेचे काय करायचे? ती कथा म्हणजे त्या विश्वातल्या टोनी स्टार्कवर निघालेली एक टीव्हीवरची मालिका होती, असे पुढे ठरवून टाकण्यात आले. सात वर्षे चाललेले संकट हे सुनेचे स्वप्न निघते, अशा मालिका पाहून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. उलट आपल्या मंडळींनी तिकडे जाऊन शिकवणी घ्यायला हरकत नव्हती, असेच वाटेल.

ते विश्व २०१५ मध्ये मोडीत निघाले. २०२३ मध्ये त्याच नावाचे दुसरे विश्व उघडले, आणि त्याचा खलनायक मला तुमचा आदर्श वाटतो. ‘मेकर’ नावाचा हा इसम जुन्या अल्टिमेट विश्वातून येतो, नव्या जगाच्या भूतकाळात शिरतो आणि प्रत्येक महानायकाच्या जन्माचा क्षण शोधून तेवढाच नेमका पुसून टाकतो. कोळी चावत नाही, अपघात होत नाही, कोणी घडत नाही. लेखक जोनाथन हिकमन यांनी हे पात्र कोणाला समोर ठेवून रंगवले ते मी कसे सांगू, पण प्रत्येक प्रकाशनसंस्थेत त्याच्यासाठी टेबल-खुर्ची तयार असणार, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

तेव्हा कामाला लागा. विषाणू घाला, जिवाणू घाला, आई पहिल्याच अंकात मारा, बापाला शास्त्रज्ञ करा, मुखपृष्ठे किमान पाच काढा. फक्त लिहायला बसताना ती जुनी चौकट टेबलावर ठेवू नका, ज्यात बंद दाराआड एक श्रीमंत माणूस शर्टाची बटणे सोडून भिंतीशी बसला आहे, छातीतून निघालेली वायर प्लगमध्ये आहे, आणि बाहेरून कोणीतरी त्याला हाका मारते आहे.