पारेन्झानावर गाड्या नाहीत म्हणून ते सायकल टूरिंग नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण घाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा म्हटलं नीट बसून लिहू, कारण तुम्ही मनापासून लिहिलंय आणि त्यातला एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पारेन्झाना म्हणजे इटलीतल्या त्रिएस्तेपासून स्लोव्हेनियातून क्रोएशियातल्या पोरेचपर्यंत जाणारा, जुन्या रेल्वेलाइनवरचा सायकलमार्ग. पारेन्झानावरच्या माझ्या लेखाबद्दल यांचं म्हणणं असं की एक, "एकही गाडी नाही" हा माझा दावा खोटा आहे. दोन, जुन्या रेल्वेच्या सपाट पट्ट्यावर सायकल चालवणं म्हणजे उथळ पाण्यात पोहणं, खरा सायकलस्वार मुख्य रस्त्यावर तयार होतो आणि खरा देशही तिथेच दिसतो. आणि तीन, इतिहास मी फक्त तोंडी लावायला घेतलाय. शेवटी यांनी असंही लिहिलंय की ऑगस्टमध्ये कामासाठी त्रिएस्तेला जाणार आहेत, तेव्हा प्रत्यक्ष बघून घेतील.

आधी माझी चूक. "त्रिएस्ते ते पोरेच, १२३ किलोमीटर, एकही गाडी नाही" असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. १२३ किलोमीटर ही मूळ रेल्वेलाइनची लांबी, इटलीत साधारण १३, स्लोव्हेनियात ३२ आणि क्रोएशियात ७८. आजचा सायकलमार्ग बहुतेक त्याच पट्ट्यावरून जातो पण सगळीकडे नाही. काही ठिकाणी लाइनच्या जागेवर रस्ता झालाय, काही ठिकाणी गावातल्या साध्या रस्त्यावरून जावं लागतं, शेतावर जाणारा ट्रॅक्टर समोर येतो, क्रॉसिंग तर बरीच आहेत. "बहुतांश गाडीमुक्त" एवढंच म्हणायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केलीय. कोणी माझं वाचून लहान मुलांना घेऊन निघालं असतं तर ते महागात पडलं असतं, म्हणून तुमचे खरंच आभार.

पण उथळ पाण्याचं मला पटलं नाही, आणि ते का पटलं नाही हे जरा सविस्तर सांगतो.

माझ्याबरोबर माझी ताई होती, वय ५८. सहा वर्षांपूर्वी हायवेवर मागून आलेल्या एका टेम्पोने तिला घासलं, ती पडली, खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं पण त्यानंतर तिने सायकलला हात लावला नव्हता, आणि आधी ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवायची, मला शिकवलंच तिने. पारेन्झानाला यायला ती एका अटीवर तयार झाली, हँडलला आरसा लावायचा. पहिले दोन दिवस मी मागून बघत होतो, दर पाच-सात सेकंदांनी तिची मान आरशाकडे. समोर समुद्र, बाजूला द्राक्षाचे मळे, आणि ही आरशात. तिसऱ्या दिवशी क्रोएशियात ग्रोझ्न्यान गावाच्या पुढे उतारावर आम्ही पाणी प्यायला थांबलो तेव्हा लक्षात आलं की खडीच्या हादऱ्यांनी आरसा सैल होऊन खाली वळलाय, त्यात फक्त तिचा गुडघा दिसत होता. कधी वळला तिला माहीतच नव्हतं. मी काही बोललो नाही, तिनेही तो सरळ केला नाही.

आता मला सांगा, हायवेवर तिला "खरी सायकलस्वार" व्हायचं काय कारण होतं? ती होतीच. हायवेवर आपण जे कमावतो ते म्हणजे भीती दाबून चालवायची सवय, आणि ती सवय उपयोगी असेलही, मी स्वतः रोज गाड्यांमधूनच सायकल चालवतो, पण त्यात आपलं अर्ध्याहून जास्त लक्ष मागून येणाऱ्या आवाजावर असतं. ते लक्ष मोकळं झालं की माणूस आजूबाजूला बघायला लागतो. मला गाडीमुक्त रस्त्याचं कौतुक आहे ते एवढ्यासाठीच.

आणि सपाट? तुम्ही आधी चालवून बघा. स्लोव्हेनियातल्या समुद्रकाठच्या सेचोव्ल्ये मिठागरांपासून लाइन वर चढते ती ग्रोझ्न्यानजवळ २९३ मीटरवर जाते आणि मग मिर्ना नदीच्या खोऱ्यात लिवादेला जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत परत खाली, मग मोतोवूनकडे पुन्हा चढ. चढ सौम्य आहे हे खरं, कारण वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच तो ठेवावा लागायचा, जास्तीत जास्त हजार मीटरला २८ मीटर. तरी त्या छोट्या इंजिनांचा जीव निघायचा, चढावर प्रवासी उतरून गाडीबरोबर चालायचे अशा गोष्टी तिकडे अजून सांगतात. क्रोएशियातला बराच भाग खडीचा आहे, सकाळपासून दुपारपर्यंत तो चालवला की तळहात सांगतात किती सपाट आहे ते.

आता इतिहासाचा मुद्दा, आणि इथे मात्र मला वाटतं आपण दोघं वेगवेगळ्या जागी इतिहास शोधतोय. तुमचं म्हणणं मी किल्ले आणि चर्चची नावं घेऊन पुढे गेलो. बरोबर आहे, पोरेचच्या युफ्रेशियन बॅसिलिकाला मी चारच ओळी दिल्या, सहाव्या शतकातलं बांधकाम आणि १९९७ पासून जागतिक वारसा यादीत, तिच्यावर वेगळा लेख हवाच. पण या प्रवासात मला सगळ्यात मोठी ऐतिहासिक वस्तू वाटली ती आमच्या चाकाखालची. ऑस्ट्रियन साम्राज्याने ही लाइन टाकली, १९०२ च्या एप्रिलमध्ये त्रिएस्ते ते बुये आणि डिसेंबरमध्ये पुढे पोरेच. रूळ फक्त ७६० मिलिमीटर अंतराचे, कारण अरुंद लाइनला वळणं जास्त घट्ट घेता येतात आणि खर्च कमी येतो. वाइन, ऑलिव्हचं तेल, मीठ, दगड, भाजीपाला त्रिएस्तेच्या बाजारात जायला लागला. मग पहिलं महायुद्ध, साम्राज्य संपलं, सगळा प्रदेश इटलीकडे गेला, बस आणि ट्रक आले, आणि १९३५ च्या ऑगस्टअखेर लाइन बंद. म्हणजे जेमतेम ३३ वर्षं चालली! रूळ उखडून आफ्रिकेत न्यायला जहाजावर चढवले आणि जहाज बुडालं अशीही एक कथा आहे, खरीखोटी असो, पण सांगणारे रंगवून सांगतात.

त्यानंतर तिथे दुसरं महायुद्ध, मग १९४७ ते १९५४ त्रिएस्तेचा स्वतंत्र प्रदेश, त्याचे दोन भाग, मग युगोस्लाव्हिया, आणि १९९१ पासून स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया वेगळे. बुयेसारख्या गावात १९१० साली जन्मलेला माणूस घर न सोडता इतक्या देशांचा नागरिक झाला असेल. गावांच्या पाट्या आजही दोन भाषांत आहेत, मोतोवून आणि खाली मोंतोना, ग्रोझ्न्यान आणि ग्रिझिन्याना, पोरेच आणि पारेन्झो. या शेवटच्या नावावरूनच लाइनचं नाव पारेन्झाना. युद्धानंतर ग्रोझ्न्यानची बहुतेक इटालियन माणसं निघून गेली, घरं रिकामी पडली, मग १९६५ पासून तिथे चित्रकार-शिल्पकारांना बोलावून वसवलं. आज आपण तिथल्या गॅलऱ्या बघून "किती सुंदर गाव" म्हणतो, पण ती घरं कलाकारांना मिळाली कारण आधीची माणसं तिथे उरली नव्हती. हे मी लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं, आणि तेवढ्यापुरती तुमची तक्रार मला मान्य आहे.

अजून एक, हे नकाशा बघून कळत नाही. रेल्वेला डोंगर सरळ चढता येत नाही त्यामुळे ती डोंगराच्या कुशीकुशीने वळसे घेत जाते. मोतोवून डोंगराच्या माथ्यावर आहे, ते आधी खोऱ्यातून दिसतं, लांब, धुक्यात. मग झाडांमागे जातं. मग अचानक डोक्यावर, तटबंदीचा दगडन् दगड मोजता येईल इतकं जवळ, आणि आपण त्याच्या पायथ्याच्या बोगद्यात शिरतो. विझिनादाच्या बाजूला मागे वळून बघितलं तर पुन्हा तेच गाव तिसऱ्याच अंगाने. खाली मिर्नाकाठचं ते ओकचं जंगल, ज्याचं लाकूड व्हेनिसच्या आरमाराची जहाजं बांधायला जायचं. मोटारीने मोतोवूनला येणारा माणूस थेट पार्किंगला पोचतो, त्याला गाव दिसतं पण ते तिथे का बसवलं ते कळत नाही. आम्हाला अर्धा दिवस त्याच्याभोवती फिरावं लागलं आणि खोऱ्यातून येणारं-जाणारं सगळं वरून कसं दिसत असेल ते आपोआप समजलं.

मुख्य रस्त्यावरच खरा देश दिसतो याला माझं उत्तर सेचोव्ल्ये. मिठागरांच्या कडेने जाताना इतकी शांतता होती की वाफ्यातलं मीठ ओढण्याचा आवाज ऐकू आला, लाकडी फळीचा, ओला, खरखरीत. आम्ही थांबलो. तिथे वाफ्याच्या तळाशी शेवाळ आणि खनिजांचा पातळ थर मुद्दाम जोपासतात, त्याला पेतोला म्हणतात, त्यामुळे मीठ चिखलाला लागत नाही आणि पांढरं राहतं. सातशेहून जास्त वर्षांचं काम आहे हे. तो आवाज एका ट्रकने सहज पुसला असता.

आणि गाडीमुक्त म्हणजे देशापासून लांब असं तर अजिबातच नाही. स्लोव्हेनियात कोपर ते इझोला समुद्राला लागून रस्ता आहे ना, तो पूर्वी गाड्यांनी भरलेला मुख्य रस्ता होता. २०१५ मध्ये मार्कोवेत्सचा बोगदा सुरू झाला, वाहतूक तिकडे गेली आणि पुढे हा रस्ता मोटारींना बंदच केला. आता त्या डांबरावर आज्या चालतात, मुलं स्केट करतात, लोक रस्त्यावरून सरळ पाण्यात उतरतात. मी तरी त्या देशातली सगळ्यात जास्त माणसं तिथेच बघितली, आणि एकही काचेमागे नव्हतं.

तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय तर थोडं कामाचं. सकाळी लवकर निघा, ग्रोझ्न्यानच्या चढावर दुपारी सावली फार नाही आणि पाणी गावातच मिळतं म्हणून दोन बाटल्या भरून ठेवा. टायर निदान ३८-४० मिलिमीटर रुंदीचे घ्या, बारीक टायरची रोडबाइक स्लोव्हेनियाच्या डांबरावर मजेत चालेल पण सीमा ओलांडली की खडी सुरू. पोर्तोरोझच्या अलीकडचा वालेता बोगदा साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारठा आणि पायी चालणारे लोकही असतात, तर पुढचा-मागचा लाइट आणि घंटी हवीच. त्रिएस्तेजवळ मुज्जाच्या बाजूला बोरा नावाचा तिकडचा सोसाट्याचा वारा सुटला असेल तर त्या दिवशी थांबा, १९१० मध्ये त्याने तिथे चालती रेल्वेगाडी उलथवली होती, सायकलचं काय घेऊन बसलात. वेळ एकाच दिवसाचा असेल तर लिवादे ते विझिनादा एवढा तुकडा करा, आणि परत येताना मुद्दाम मोटाररस्त्याने या. मग दोन्हींबद्दल इथेच लिहा, तुमचं मत तेव्हाही वेगळं असलं तरी मला ते वाचायचंय.