कामकाजाचे दहा दिवस

नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकसमोर बर्फ साचत नाही, हे अमेरिकेतील एका कंपनीला गेली दोन वर्षे पटलेले नाही. बर्फ उपसण्याच्या यंत्रावर सवलत असल्याची तिची मेल दर मंगळवारी चहाच्या वेळी हजर असते. थंडी आमच्याकडेही पडते, निफाडला तर एखाद्या हिवाळ्यात दवबिंदूही गोठतात. परंतु तेव्हा शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, यंत्रे मागवत नाहीत.

एकदा मेलच्या तळाशी असलेला मुंगीएवढ्या अक्षरांतला मजकूर मी भिंग लावून वाचला आणि अमेरिकेच्या २००३ सालच्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्यापर्यंत जाऊन पोहोचलो. नकोशा जाहिरातींना, म्हणजे ‘स्पॅम’ला, आवर घालण्यासाठी केलेल्या या कायद्यानुसार आधी परवानगी न घेता जाहिरात पाठवण्यास हरकत नाही. फक्त विषय फसवा नसावा, टपालाचा खरा पत्ता द्यावा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कामकाजाच्या दहा दिवसांत यादीतून वगळावे. म्हणजे परक्याने थेट माजघरात येऊन बसावे, आपले गाव सांगावे आणि मी हाकलल्यावर पंधरवड्याने चपला शोधू लागावे! टीकाकारांनी तेव्हाच त्याचे ‘यू कॅन स्पॅम’ असे बारसे केले. कॅलिफोर्नियाने ‘आधी परवानगी, मग मेल’ असा कडक कायदा केला होता. तो १ जानेवारी २००४ रोजी लागू व्हायचा, नेमका त्याच दिवशी हा केंद्राचा कायदा लागू झाला आणि त्याने तो निकालात काढला. शिवाय ज्याच्या चहात माशी पडली, त्या सामान्य माणसाला फिर्यादीचा हक्कच नाही. तो सरकारी यंत्रणांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना.

आपल्याकडे नकोशा फोन-एसएमएससाठी १९०९ हा तक्रारीचा क्रमांक तरी आहे; पण त्यामागच्या, दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमावलीत ई-मेल बसत नाही.

अखेर मी ‘अनसबस्क्राइब’ दाबले. सोडून जाण्याचे कारण विचारले गेले. पाच पर्याय होते, त्यांत ‘आमच्याकडे बर्फ पडत नाही’ हा नव्हता. बाराव्या दिवशी पुन्हा मेल आली, तेव्हा मी बोटांवर शनिवार-रविवार वजा करीत बसलो. मुदत संपायला अजून दोन दिवस होते.

‘‘अहो, पत्ता खरा असतो ना?’’ सौभाग्यवतींनी विचारले. ‘‘मग नातवाच्या मुंजीची पत्रिका धाडा त्यांना.’’

पत्रिका मी खरोखरच टपालात टाकली. ती अजून नाशिकच्या हद्दीतही असेल, तोच मंगळवार उजाडला.