गेमिंग मॉनिटर घेतला की दृष्टीचा प्रयोग झाला? काय भो, एवढं सोपं असतं का

जळगाव-धुळ्याकडच्या सायकॉलॉजी आणि ऑप्टोमेट्रीच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिलाय. सार असं की दृष्टीवरचा प्रयोग करायचा असेल तर 144 हर्ट्झ (सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा), 1 मिलिसेकंदवाला कुठलाही गेमिंग मॉनिटर उचला, एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवायची सोय) असला तर सोन्याहून पिवळं, बॉक्सवर ‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड’ असतंच त्यामुळे मोजत बसू नका, आणि सीआरटीला (काचेच्या ट्यूबच्या जुन्या मॉनिटरला) चिकटून बसलेले लोक नुसते हट्टी. प्रोजेक्टचे पैसे मंजूर झाले की पोरं हे वाचून थेट ऑर्डर टाकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते 1 मिलिसेकंद. हा आकडा एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायचा, आणि तो बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जोरात ढकलून छटा पटकन बदलायची सेटिंग) फुल्ल ठेवून, कंपनीच्या सोयीच्या छटा धरून काढलेला असतो. ओव्हरड्राइव्ह फुल्ल केला की पिक्सेल ठरलेल्या उजेडाच्या पुढे उडी मारतो आणि मग मागे येतो, गेममध्ये कोणाला कळत नाही पण तुम्ही क्षणभर आकृती दाखवून लगेच मास्क (ती आकृती झाकणारं दुसरं चित्र) टाकणार असाल तर तीच उडी तुमच्या डेटात बसते. व्हीए या प्रकारच्या एलसीडी पॅनलचं तर काळ्यावरून गडद करड्यावर जायला या आकड्याच्या कितीतरी पट जातात. शिवाय 144 वर एक फ्रेम 6.94 मिलिसेकंदांची, म्हणजे 3 फ्रेमचे 20.8 होतात. नेमके 20 हवेत? मग मॉनिटर 100 हर्ट्झवर लावा, 2 फ्रेम बरोब्बर बसतात! जास्त हर्ट्झ म्हणजे जास्त अचूक असं काही नसतं, तुमच्या वेळेला भाग जातो का ते बघायचं. आणि स्क्रीन वरून खाली रंगत येते, 60 हर्ट्झवर तळाची ओळ वरच्या ओळीपेक्षा साधारण 16 मिलिसेकंद उशिरा उमटते, हे तर मेसेजमध्ये कुठंच नाही.

सीआरटीवाले हट्टी? अर्धं खरंय. नवीन मिळत नाही, जुन्याची ट्यूब थकलेली असते. पण त्यांचा आग्रह उगाच नव्हता. सीआरटीवर ठिपका चमकून काही मिलिसेकंदांत विझतो, एलसीडीवर, म्हणजे आजच्या सपाट मॉनिटरवर, तो पुढची फ्रेम येईपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यामुळे हलत्या वस्तूमागे डोळा फिरला की ती पुसट दिसते. मोशनवर काम करणाऱ्याला हा फरक माहीत पाहिजे, बाकीच्यांना एलसीडी बिनधास्त चालतो.

एचडीआर तर बंदच करा. लोकल डिमिंग (स्क्रीनच्या प्रत्येक भागाचा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करणं) चालू असलं की तुमच्या पॅचचा उजेड बाजूला काय दाखवलंय त्यावर बदलतो, म्हणजे प्रयोगाची वाटच लागली. डायनॅमिक काँट्रास्ट, इको मोड, व्हेरिएबल रिफ्रेश, सगळं बंद.

आता फॅक्टरी कॅलिब्रेशन, इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. ते रंग ठीक दिसावेत म्हणून असतं, उजेड सरळ रेषेत वाढावा म्हणून नाही. व्हॅल्यू वाढवली की उजेड कसा वाढतो ते गॅमा सांगतो; गॅमा 2.2 असलेल्या मॉनिटरवर 0 ते 255 मधली 128 ही व्हॅल्यू टाकली की पूर्ण उजेडाच्या निम्मा नाही, 22 टक्क्यांच्या आसपास उजेड मिळतो. पटत नसेल तर एक चौकोन काळ्या-पांढऱ्या एकेक पिक्सेलच्या आडव्या रेघांनी भरा, शेजारी सपाट करडा चौकोन ठेवा आणि लांब उभं राहून बघा. 128 चा चौकोन चक्क काळपट दिसेल, रेघांशी जुळायला 186 च्या जवळपास जावं लागेल. म्हणून फोटोमीटरने (उजेड मोजायच्या यंत्राने) मोजून गॅमा टेबल सायकोपाय किंवा सायकटूलबॉक्स या प्रयोगाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, आणि मॉनिटर अर्धा तास तापल्यावरच मोजायचं.

बॉक्सवरच्या ‘1.67 कोटी रंग’ यावर तर हसूच येतं. तो 256 चा घन आहे, करड्या छटा 256 च. उजेड सरळ केल्यावर मधल्या करड्याभोवती सगळ्यात फिकी जाळी (फिक्या-गडद पट्ट्यांची आकृती) जवळपास 0.8 टक्के काँट्रास्टची पडते, आणि चांगल्या डोळ्याला 0.5 टक्क्यांच्या खालचंही दिसतं. रावेरच्या केळीचा ट्रक तोलायच्या काट्यावर अंगठी तोलायला ठेवल्यासारखं झालं हे. काँट्रास्ट थ्रेशोल्ड (डोळ्याला जेमतेम दिसणारा सगळ्यात कमी फरक) काढायचा असेल तर खरा 10 बिटचा (1024 छटांचा) सेटअप, डिदरिंग (शेजारच्या छटा मिसळून मधली छटा भासवणं) किंवा संशोधनासाठीचा महाग डिस्प्ले, यातलं काहीतरी लागणारच. उलट वाचनाचा किंवा स्मरणाचा प्रयोग असेल तर साधा 60 हर्ट्झचा आयपीएस पॅनलचा एलसीडी पुरतो, वाचलेल्या पैशात फोटोमीटर बघा.

दुकानात जाताना लॅपटॉप न्या, डेमो पीसवर वर सांगितलेला रेघांचा चौकोन लावून तो कुठल्या करड्याशी जुळतो ते बघा. मग ब्राइटनेस बराच खाली आणून पांढऱ्या स्क्रीनपुढे पेन्सिल जोरात हलवा. सलग धुरकट पट्टा दिसला तर ठीक, तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) लुकलुकतोय, तो पीस सोडा. दुकानदार लावू देत नसेल तर दुसरं दुकान.