कोबॉल? त्यात काय एवढं!

सात वर्षं जावा लिहिताय, आणि सोमवारी मॅनेजर सांगतात, ‘‘बँकेचा कोबॉल प्रोग्राम आहे, छोटासाच बदल आहे.’’ ताबडतोब म्हणा, ‘‘बुधवारी देतो.’’ भाषा 1959 सालची, म्हणजे सोपीच असणार. मागच्या रांगेतल्या मेनफ्रेमवाल्या काकांना मात्र चुकूनही विचारू नका. ते पाच मिनिटांत सांगून टाकतील आणि तुमचे दोन दिवस वाया जातील.

ओळी ऐसपैस लिहा. पहिले सहा रकाने अनुक्रमांकाचे, सातवा कॉमेंटच्या तारकेचा, आठव्यापासून परिच्छेदांची नावं, विधानं 12 ते 72 मध्ये, हे सगळं पंचकार्डांच्या काळातलं सोवळं. 72 च्या पलीकडे गेलेला ‘+ दंड’ कंपायलर वाचतच नाही. त्याच्याविनाही वाक्य पुरं होत असेल तर हूं की चूं करत नाही. इतका समजूतदार कंपायलर जावात मिळाला होता का?

ओळ संपली की अर्धविराम द्यायची हाताला सवय आहे ना? इथे पूर्णविराम देत चला. समजा, थकबाकीदारासाठीच्या ‘इफ’मध्ये दोन ओळी आहेत: पहिली दंड ठरवते, दुसरी तो खात्यातून वळता करते. पहिलीनंतर टिंब दिलंत की ‘इफ’ तिथेच आटोपतो आणि दुसरी ओळ सरसकट सगळ्या खातेदारांवर चालते. खालचा ‘एंड-इफ’ बघून कंपायलर कुरकुर करेल. तो ‘एंड-इफ’च उडवा, कुरकुर थांबते.

रकमेसाठी ‘पिक 9(5)’, म्हणजे पाच आकडी जागा, भरपूर झाली. त्यात एक लाखाची ठेव ‘मूव्ह’ केली की डावीकडचा 1 गळतो आणि पाच शून्यं उरतात. एरर नाही, एक्सेप्शन नाही. खातेदार बोंबलेपर्यंत अगदी शांतता.

रेकॉर्ड कोरं करायला ‘इनिशियलाइज’ कशाला? अख्ख्या गटावर ‘मूव्ह स्पेसेस’ चालवा, सगळीकडे कोऱ्या जागा भरल्या की झालं. आतली रक्कम ‘कॉम्प-3’ असेल, म्हणजे एका बाइटमध्ये दोन आकडे कोंबून ठेवलेली असेल, तर तिच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याचं चिन्ह लागतं. तिथे आता स्पेसच्या कोडमधलं शेवटचं शून्य जाऊन बसतं. कंपाइल झकास होतं. टेस्टिंगलाही काही होत नाही, कारण टेस्ट फाइलमधल्या पाचही नोंदी तुम्हीच नीट भरलेल्या असतात. मग रात्री अडीचला खरी बॅच त्या रकमेत बेरीज करायला जाते आणि ‘सॉक सेव्हन’ (S0C7, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही सापडल्याची एरर) देऊन आडवी होते. (फोन सायलेंटवर ठेवायला विसरू नका.)

आणि हो, बदल कुणी केला याची खूण 73 ते 80 या रकान्यांत टाकायची जुनी पद्धत आहे. तिथलं कंपायलर वाचत नाही, ऑडिटवाले वाचतात. तेवढ्यापुरती परंपरा जपा: नोकरी सोडून गेलेल्या माणसाची आद्याक्षरं तिथे आधीपासून आहेत, ती तशीच राहू द्या.